पडदा माल झाकतो, धरत नाही

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. वाचायला सोयीचं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलीतली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्यांचा निरोप आला. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकतो आणि आठवड्याला वीस तास एका वेअरहाऊसमध्ये काम करतो. तो घरी फोनवर म्हणाला, "बाबा, इथल्या लॉऱ्यांना बाजूला भिंतच नसते, नुसता पडदा असतो. मग एवढा जड माल पडत कसा नाही?"

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर असं, की नीट बांधला नाही तर पडतो. कधी रस्त्यावर, कधी फुटपाथवर, आणि कधी पडदा उघडणाऱ्या ड्रायव्हरच्या अंगावर. मी इथे मिडलँड्समध्ये ट्रान्सपोर्टच्याच कामात आहे, म्हणून म्हटलं आजचा अख्खा भाग यावरच करू.

आधी ही गाडी कशी असते ते बघू. आपल्याकडच्या ट्रकला बॉडी असते, बाजूला फाळके असतात, वर ताडपत्री आणि त्यावरून आवळलेला दोर. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघं मिळून तो दोर ओढताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. ब्रिटनमध्ये आणि युरोपात जो ट्रेलर सगळ्यात जास्त दिसतो, तो कर्टनसायडर. पुढे एक भक्कम भिंत, तिला हेडबोर्ड म्हणतात. मागे दारं, वर छप्पर, खाली प्लायवूडचा तळ. आणि दोन्ही बाजूंना जाड पीव्हीसीचे पडदे, वर रुळावरून सरकणारे, खाली बकलनी ताणलेले. सोय मोठी आहे. पडदा सरकवला की फोर्कलिफ्ट बाजूने येतो आणि अर्ध्या तासात गाडी भरून होते. साडेतेरा मीटरच्या ट्रेलरमध्ये इथली १२०० बाय १००० मिलिमीटरची २६ पॅलेट बसतात, दोन-दोनच्या तेरा रांगा. प्रत्येक पॅलेट एक टनाचं धरलं तर २६ टन माल.

आता बकल सगळे घट्ट लावले की बाहेरून ती गाडी पेटीसारखी बंद दिसते. गैरसमज सुरू होतो तो इथेच. साधा पडदा पावसापासून आणि नजरेपासून माल वाचवतो. एक टनाचं पॅलेट त्याच्यावर रेललं तर तो आधी फुगतो आणि मग फाटतो.

"जड आहे, हलणार नाही"

दुसरा गैरसमज यापेक्षा जुना. ड्रायव्हर, लोडर, मॅनेजर, सगळ्यांच्या तोंडी असतो. "अहो, एक टनाचं धूड आहे, ते कुठे जातंय?"

इथे शाळेतलं विज्ञान आठवा. ब्रेक मारला की गाडी थांबते, माल पुढे जात राहतो. त्याला धरून ठेवणारी गोष्ट एकच, खालच्या तळाशी होणारं घर्षण. वजन दुप्पट केलं तर घर्षण दुप्पट होतं, हे खरं. पण त्याला ढकलणारा जोरही दुप्पटच होतो. म्हणजे हिशेब होता तिथेच राहिला. दहा किलोचं खोकं ज्या ब्रेकला घसरतं, त्याच ब्रेकला हजार किलोचं पॅलेटही घसरतं. फरक एवढाच, की खोकं आदळलं तर आवाज येतो आणि पॅलेट आदळलं तर माणूस जातो.

ब्रिटनमध्ये यावर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा म्हणजे डीव्हीएसए. त्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. बांधणी अशी हवी की ती पुढच्या दिशेला मालाचं संपूर्ण वजन पेलेल, आणि दोन्ही बाजूंना व मागे निम्मं वजन पेलेल. टनाचं पॅलेट असेल तर पुढे एक टन, बाजूला अर्धा टन.

आता हिशेब करू. ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. प्लायवूडचा तळ स्वच्छ आणि कोरडा असेल तर लाकडी पॅलेटला वजनाच्या साधारण चाळीस टक्के घर्षण मिळतं असं धरू. दोन पॅलेटची एक रांग, दोन टन. बाजूला एक टन जोर पेलायचा आहे. घर्षणाने आठशे किलो दिले. राहिले दोनशे. वरून एक पट्टा टाकला आणि रॅचेट हाताने नीट आवळला, तर पट्ट्यात साधारण तीनशे किलोचा ताण येतो. दोन्ही बाजूंनी मिळून तो माल सहाशे किलोंनी खाली दाबतो. त्याचे चाळीस टक्के म्हणजे दोनशे चाळीस. जमलं! एका रांगेला एक पट्टा, कसाबसा पुरला.

आता तोच तळ ओला, धुळीने भरलेला, कुठे तेल सांडलेलं, असा घ्या. घर्षण वीस टक्क्यांवर आलं. आता घर्षणाचे मिळाले फक्त चारशे. राहिले सहाशे. आणि पट्टाही आता एकशे वीसच देतो, कारण तोसुद्धा घर्षणावरच जगतो. म्हणजे त्याच रांगेला पाच पट्टे लागले.

ऐकलंत ना? एक विरुद्ध पाच. गाडी भरायच्या आधी तळ झाडून काढला, तर तो झाडू चार पट्ट्यांचं काम करतो. फुकटात. आणि हा झालेला सगळा हिशेब पट्टा सरळ खाली उतरतोय असं धरून केलेला. माल बुटका असेल आणि पट्टा तिरपा, तळाशी तीस अंशांत उतरत असेल, तर त्याचा दाब निम्म्यावर येतो. शिवाय प्रत्यक्षात सुरक्षिततेसाठी थोडी जास्तीची तरतूद ठेवावी लागते. म्हणून घासाघीस करायची तर ती पट्टा वाढवण्याच्या बाजूने करा.

पुढची मोकळी जागा

पुढच्या दिशेचा हिशेब केला तर तुम्ही दचकाल. त्याच दोन टनांच्या रांगेला स्वच्छ तळावरही पाच पट्टे लागतात. तेरा रांगांना पासष्ट पट्टे कोण लावणार? कोणी लावत नाही, आणि लावायचे नसतातही. त्यासाठीच हेडबोर्ड असतो. पहिली रांग हेडबोर्डला चिकटवायची, दुसरी पहिलीला, आणि असं मागेपर्यंत. मध्ये जागा सोडायची नाही.

जागा सोडली तर काय होतं? समजा लॉरी जोरात ब्रेक मारून गुरुत्वाच्या सात दशांश इतक्या दराने थांबतेय. बांधलेलं नसलेलं पॅलेट घर्षणामुळे चार दशांशानेच थांबतं. मध्ये एक मीटर मोकळी जागा असेल, तर ती पार करेपर्यंत त्याचा वेग ताशी जवळपास नऊ किलोमीटर झालेला असतो. दोन मीटर असेल तर साडेबारा. एक टनाची वस्तू, पळणाऱ्या माणसाच्या वेगाने, हेडबोर्डवर. आणि हेडबोर्डच्या पलीकडे ड्रायव्हरची केबिन.

आता खरी अडचण सांगतो. सकाळी गाडी भरलेली निघते तेव्हा सगळं चिकटून असतं. पण दिवसात सहा ठिकाणी माल उतरवायचा असतो. तिसऱ्या ठिकाणी मधली चार पॅलेट गेली, की मध्ये खिंडार पडलं. सकाळची बांधणी आता लागू नाही. दर वेळी उरलेला माल पुढे सरकवून घ्यायचा, किंवा खिंडारात रिकामी पॅलेट भरायची, किंवा उरलेल्या रांगा पुन्हा बांधायच्या. एकदा बांधलं की दिवसभराचं काम झालं, असं इथे चालत नाही.

गोल चौक आणि फुटपाथ

ब्रिटन म्हणजे राउंडअबाउटचा देश. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालतात, म्हणजे गोल चौकात गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उजवीकडे वळत फिरते. माल फेकला जातो डावीकडे. डावीकडे काय असतं? फुटपाथ. सायकलवाला. बाबागाडी घेऊन उभी असलेली आई.

तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरने गेलात तर बाजूचा जोर वजनाच्या साधारण एक तृतीयांश असतो. ताशी ४३ ने गेलात तर तो जवळजवळ निम्मा होतो. वेग वाढला सातने, जोर वाढला जवळपास त्रेचाळीस टक्क्यांनी. त्यात उंच रचलेला माल एका बाजूला सरकला, की अख्खी लॉरी कलंडायला फार काही लागत नाही.

पण आमच्या ट्रेलरवर एक्सएल लिहिलंय!

हे नेहमी ऐकू येतं. ईएन १२६४२ एक्सएल या मानकाचे मजबूत ट्रेलर असतात, हे खरं आहे. त्यांची बाजू ठरलेल्या भाराच्या चाळीस टक्क्यांचा जोर पेलते, अशी चाचणी झालेली असते. पण ती ताकद केव्हा कामाला येते? माल हेडबोर्डपासून मागेपर्यंत सलग बसलेला असेल आणि बाजूंनाही जवळपास भिडलेला असेल तेव्हाच. त्याबद्दल डीव्हीएसएचं मार्गदर्शन माल आणि बाजू यांच्यामध्ये फार तर ८० मिलिमीटर सोडायला सांगतं. अर्धा भरलेला एक्सएल ट्रेलर हा साधाच ट्रेलर समजायचा.

तसंच छतापासून लोंबणारे आतले पट्टे. वापरायला सोपे, म्हणून सगळ्यांचे लाडके. ते ४०० किलोच्या आतल्या हलक्या पॅलेटसाठी आहेत. त्याहून जड माल असेल तर चॅसीला अडकवलेले रॅचेटचे पट्टेच हवेत. ट्रेलरचं छप्पर टनाचा माल पेलायला बनवलेलं नसतं.

मग चुकतं कुठे?

इतकं सगळं ड्रायव्हरला माहीत असतं. व्यावसायिक ड्रायव्हरला इथे पाच वर्षांत पस्तीस तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. मग तरी असं का होतं?

कारण बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरला गाडी भरताना उभंच राहू देत नाहीत. गाडी बेला लावायची, किल्ली काउंटरवर द्यायची आणि ड्रायव्हरच्या खोलीत जाऊन बसायचं. फोर्कलिफ्टच्या धोक्यामुळे नियम योग्यच आहे. पण परत येतो तेव्हा पडदा ओढलेला असतो, कागद तयार असतात, मागे दुसरी गाडी हॉर्न मारत असते. आणि वर सुपरवायझर म्हणतो, "पट्टे फार आवळू नकोस, खोकी चेपतात, गिऱ्हाईक माल परत पाठवतं."

ही तक्रारही खोटी नाही. पट्ट्याने खोकी चेपतात. त्यावर उपाय आहेत, कोपऱ्यांना लावायच्या पट्ट्या, वरून टाकायची जाळी, खाली घर्षण वाढवणारी रबरी चटई. पण ते आणून ठेवायला कोणीतरी पैसे खर्च करायला हवेत, आणि बांधायला दहा मिनिटं द्यायला हवीत. हे ठरवणं एकट्या ड्रायव्हरच्या हातात नसतं. कायद्यालाही ते कळतं. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम ४०अ धोकादायक स्थितीत गाडी चालवणाऱ्याला धरतं, तसंच ती तशी चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरतं.

म्हणून ड्रायव्हर मित्रांना सांगणं एवढंच. निघण्याआधी पडदा उघडून बघायचा हक्क सोडू नका. "मी बघितल्याशिवाय सही करणार नाही," हे शांतपणे, पण म्हणा. निघाल्यावर थोड्या अंतरावर सुरक्षित जागी थांबून पट्टे पुन्हा तपासा, कारण माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. आणि पोचल्यावर पडदा उघडायच्या आधी बाहेरून चालत जाऊन बघा, कुठे फुगलाय का. फुगला असेल तर बकलला हात लावू नका. मागचं दार हळू उघडून आत डोकवा, माणसं लांब करा, आणि फोर्कलिफ्ट आणून आधार दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आतापर्यंत तो पडदाच तो माल अडवून धरत होता. बकल सोडलं, की पहिला समोर उभा असतो तो तुम्ही.

आणि लेस्टरच्या त्या मुलाला, म्हणजे त्याच्यासारख्या आपल्या सगळ्याच मुलांना. तुम्ही पॅलेटला प्लास्टिकची फिल्म गुंडाळता ना, तेव्हा खालचे फेरे खोक्यांबरोबर लाकडी पॅलेटवरही घ्या. फिल्म नुसती खोक्यांभोवती असेल तर पॅलेट जागेवर राहतं आणि माल त्याच्यावरून सरकतो. जड खोकी खाली, हलकी वर, कडेबाहेर काही नको. तुटलेलं पॅलेट दिसलं तर बाजूला काढा. पुढे शंभर मैलांवर जो माणूस तो पडदा उघडणार आहे, तो तुम्हाला कधी भेटणार नाही. पण त्याच्या कामाची सुरुवात तुमच्या हातून होते.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्यापैकी कोणी या कामात असेल, भारतात, दुबईत, कॅनडात, कुठेही, तर तिकडे माल कसा बांधतात ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.