दाबून भाजलेले सँडविच : रात्रीच्या जेवणाची एक सोय
(मंडळाच्या सभेत प्रात्यक्षिकासह केलेले भाषण)



मला विषय दिला आहे तो सँडविचचा. तो जाहीर होताच मागच्या ओळीत थोडे हसू पिकले, ते मला दिसले. ज्या खानदेशात कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी यांच्यापुढे दुसऱ्या कशाचे कौतुक होत नाही, तेथे पावाच्या दोन तुकड्यांवर कोणी भाषण करावे, याची गंमत वाटणारच. पण मी भाकरीविरुद्ध बोलावयास उभी नाही. आठवड्यातून एखाददुसऱ्या रात्रीपुरतेच माझे म्हणणे आहे.

जळगाव-धुळ्याचा मे महिना आपल्याला ठाऊकच आहे. पारा चव्वेचाळिसापर्यंत चढणे ही आपल्याकडे बातमीसुद्धा होत नाही. अशा दिवसांत संध्याकाळी तास-दीड तास तव्यापुढे उभे राहावयाचे. मग एकजण शिकवणीहून साडेसातला येतो, दुसरा दुकान बंद करून साडेनऊला. प्रत्येक वेळी भाजी गरम करावयाची, भाकरी टाकावयाची. सर्वांचे आटोपले की घरच्या बाईने उरलेसुरले घेऊन बसावयाचे. यात उष्णतेपेक्षाही जाच आहे तो या शेवटच्या पानाचा. सँडविचमध्ये मला जो गुण दिसतो तो हाच, की सारण एकदा करून ठेवले म्हणजे भाजण्याचे काम ज्याचे त्याला करता येते. नववीतल्या मुलाला ते जमते, आणि त्याच्या वडिलांनाही जमते. ‘पावाने का पोट भरते?’ असे घरातील वडीलधारी विचारतील. नुसत्या पावाने नाहीच भरत. म्हणूनच पावापेक्षा सारणाचा विचार अधिक करावयाचा.

नावाचा इतिहास थोडक्यात सांगते. अठराव्या शतकात इंग्लंडात सँडविच गावचे अर्ल होते, त्यांच्यावरून हे नाव पडले. आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. इटलीत असा भरलेला पाव तापलेल्या दोन पत्र्यांमध्ये दाबून भाजतात, त्याला पानीनी म्हणतात. मुंबईच्या फुटपाथवरील सँडविचवाल्याने मात्र त्यात हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, बीट घालून, लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यात धरून निखाऱ्यावर भाजले, आणि ते आपले झाले.

आता कृती. सगळे बिघडते ते पाण्याने, हे लक्षात ठेवावे. चटणीत कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, मीठ, लिंबू यांबरोबर मूठभर फुटाण्याची डाळ किंवा भाजलेले शेंगदाणे वाटावेत. चटणी घट्ट होते व पावात मुरत नाही. दोन्ही कापांच्या आतल्या बाजूस आधी लोणी, मग चटणी. लोण्याचा थर ओलावा अडवितो. काकडी-टोमॅटोला मीठ अगोदर लावू नये, पाणी सुटते. ते भाजण्याच्या वेळीच भुरभुरावे. शेव आत भरली तर लिबलिबीत होते, ती वरून घ्यावी. आच मंद हवी. मोठ्या आचेवर पाव करपतो आणि बटाटा थंडच राहतो. यंत्र नसले तरी अडत नाही. जाड तव्यावर सँडविच ठेवून त्यावर सपाट बुडाचे पातेले ठेवावे, पातेल्यात वजनाला पाण्याचा तांब्या ठेवावा. तीन-चार मिनिटांनी उलटून पुन्हा तसेच. ज्यांच्या घरी पाव चालत नाही त्यांनी सकाळची पोळी घेऊन, सारण मध्ये घालून चौकोनी दुमडावी व अशीच दाबावी. खरे सांगायचे तर मला ही पोळीच अधिक आवडते.

सारणासाठी मुंबईची नक्कल करण्याचे आपल्याला कारण नाही. बामणोदच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचे नाव दूरवर आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हिवाळ्यात पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचे भरीत घरात असतेच. सँडविचसाठी वांगे सोलल्यावर चाळणीत निथळू द्यावे, तेल नेहमीच्या निम्मे घालावे, पातीचा कांदा बारीक चिरावा आणि शेंगदाणे भरपूर घालावेत. उन्हाळ्यात वांगी मनासारखी मिळत नाहीत, तेव्हा कच्ची केळी घ्यावीत. रावेर-यावलकडील भगिनींना ती विकतही घ्यावी लागत नसतील! सालीसकट उकडून, सोलून, कुस्करून, मिरची-जिऱ्याची फोडणी दिली की बटाट्याची आठवण होत नाही. मुलांच्या वाढत्या अंगासाठी यात वाफवलेली मोडाची मटकी, पनीर किंवा चालत असल्यास उकडलेले अंडे घालावे. मात्र मे महिन्यात सकाळचे सारण संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नये. फ्रीज नसेल तर संध्याकाळीच करावे.

पावाविषयी थोडे. पांढरा पाव मैद्याचा. तपकिरी दिसला म्हणजे तो गव्हाच्या पिठाचाच, असे मानू नये. रंग घालूनही तसा करता येतो. वेष्टनावर जो पदार्थ प्रथम छापलेला असतो, तो वजनाने सर्वांत जास्त असतो. तेथे मैदा की कणीक, ते चष्मा लावून वाचावे. पावात पोटॅशियम ब्रोमेट घालण्यास 2016 मध्ये सरकारने बंदी केली, तेव्हा सुट्या पावाच्या बेकरीवाल्यालाही विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. फ्रीजमध्ये पाव लवकर कडक होतो. पण उन्हाळ्यात बुरशीपेक्षा ते परवडले, कारण भाजला की तो पुन्हा मऊ होतो. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच कोपरा काढून बाकीचा भाजण्याची काटकसर नको. तिचे तंतू आत पसरलेले असतात आणि तिचे विष भाजून जात नाही. सबंध पाव टाकावा.

विजेचे यंत्र घेणाऱ्यांनी ते कधीही पाण्यात बुडवू नये. निवल्यावर ओल्या फडक्याने पुसावे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने गॅसवरचा साधा चिमटाही घरी असू द्यावा. त्याचा दांडा लाकडी किंवा वेष्टन घातलेला आहे ना, तेवढे घेताना पाहावे.

पलीकडच्या टेबलावर दोन्ही प्रकार भाजावयास घेतले आहेत. डाव्या ताटात भरिताचे आहेत, त्यात लसूण आहे. उजव्या ताटातील केळ्याच्या सारणात कांदा-लसूण नाही. आधी वाढणाऱ्या भगिनींनी घ्यावे, मग आपण सर्वांनी.