हिरवेपणा सोडून दिलेलं झाड

लोकलमध्ये उभे असाल, बसमध्ये असाल, नाहीतर कानात हेडफोन घालून भांडी घासत असाल. जिथे असाल तिथून आज आपल्याला जंगलात जायचंय. दाट, ओलं, सदाहरित जंगल. आणि तिथे गेल्यावर वर बघायचं नाही, खाली बघायचं. झाडाच्या बुंध्याजवळ, पालापाचोळ्यात.

तिथे जमिनीतून वर आलेलं लालसर, पिवळट असं काहीतरी दिसेल. अंगठ्याएवढं, कधी त्याहून मोठं. पहिल्यांदा बघणारा म्हणणार, अळंबी आहे. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं असावं, कारण यातल्या एका जातीचं नावच 'फंगोसा', म्हणजे बुरशीसारखी. पण ही बुरशी नाही. ही फुलं येणारी वनस्पती आहे, आंबा-जास्वंदीच्या गोतावळ्यातली. नाव बॅलॅनोफोरा. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या फॉर्स्टर बापलेकांनी पॅसिफिकमधल्या बेटावर ती पाहिली आणि हे नाव दिलं. आपल्याकडे केरळ-कर्नाटकाच्या बाजूचा पश्चिम घाट, हिमालय, मग पुढे जावा, तैवान, जपान, थेट ऑस्ट्रेलियापर्यंत तिच्या वेगवेगळ्या जाती आहेत.

हिला पान नाही. म्हणजे नावाला खवल्यासारखी असतात, पण हिरवी नाहीत. स्वतःची मुळं नाहीत. हरितद्रव्य नाही. वर्षातला बराच काळ ती जमिनीखाली, दुसऱ्या झाडाच्या मुळाला चिकटलेला एक खडबडीत कंद म्हणून जगते. आपल्याला दिसतो तो फक्त तिचा फुलोरा.

आता तुम्ही म्हणाल, अरे, म्हणजे बांडगूळ!

थांबा. बांडगुळावर आपण मराठी माणसं फार अन्याय करतो. कामधंदा न करता दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो. पण आंब्यावरचं बांडगूळ नीट बघा, त्याला चांगली जाड हिरवी पानं असतात. ते आंब्याकडून पाणी आणि क्षार घेतं, पण अन्न बऱ्यापैकी स्वतः शिजवतं. आणि गंमत पुढे आहे. आपण ज्याचं गंध उगाळून कपाळाला लावतो, ते चंदनही परजीवीच! चंदनाची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात. म्हणून तर रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी तूर वगैरे लावतात. शेतात नुसतं चंदन लावलं आणि शेजारी यजमान झाडं ठेवली नाहीत, तर रोपं खुरटतात. हे न सांगता रोपं विकणारे लोकही आहेत, असो.

तिसरा नातेवाईक ज्वारीवाल्यांच्या ओळखीचा, टारफुला. ज्वारीच्या मुळांतून एक रसायन जमिनीत झिरपतं. ते असतं मित्र-बुरशीला बोलावण्यासाठी, पण टारफुल्याचं बी ते चोरून ऐकतं आणि रुजतं. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं दम धरून पडून राहू शकतं. तरी टारफुलाही हिरवा असतो बरं का.

बॅलॅनोफोरा या सगळ्यांच्या पुढे गेलाय. त्याने स्वयंपाकघरच बंद केलं.

आधी त्याचा कंद बघू. बहुतेक परजीवी यजमानाच्या मुळात आपली नळी घुसवतात. इथे उलटंही घडतं. यजमानाच्या पेशी आणि त्याच्या वाहिन्या या कंदाच्या आत वाढत येतात. कंद कापला तर त्यात दोन वनस्पती एकमेकींत गुंतलेल्या असतात, कुणाचं कुठे संपतं हे सूक्ष्मदर्शकाखालीही शोधावं लागतं. आणि बटाट्यासारखा स्टार्च साठवण्याऐवजी हा मेणासारखा पदार्थ साठवतो. जावामध्ये लोक हे कंद कुटून बांबूच्या काड्यांना लावायचे आणि मेणबत्तीसारखे जाळायचे. ज्याला सूर्यप्रकाशाची गरज उरली नाही, त्याच्यापासून दिवा!

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. हिरव्या पानाच्या पेशीत हरितलवक असतं, तिथे प्रकाशापासून अन्न बनतं. या लवकाकडे स्वतःचा छोटा जनुकसंच असतो, साधारण दीड लाख अक्षरांचा. 2019 मध्ये तैवान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी बॅलॅनोफोराच्या दोन जातींमधला हा संच वाचला. किती उरला होता? साडेपंधरा हजार अक्षरं. म्हणजे दहावा हिस्सा. डीएनएची अक्षरं चार, ए, टी, जी, सी. इथे 100 अक्षरांपैकी जवळपास 88 नुसती ए आणि टी. घासून घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखा मजकूर.

त्याहून विचित्र म्हणजे भाषाच बदललीये. टीएजी ही तीन अक्षरं आली की बहुतेक सजीवांत त्याचा अर्थ 'वाक्य संपलं, थांबा'. बॅलॅनोफोराच्या लवकात त्याचा अर्थ 'इथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लावा'. पूर्णविरामाचं अक्षर झालं! हा कोड सगळ्या सजीवांत जवळजवळ सारखा असतो, म्हणून ही फार मोठी गोष्ट आहे.

मग प्रश्न पडतो, अन्न बनवायचंच नाही तर ते लवक टाकून का देत नाही? कारण लवक म्हणजे फक्त चूल नव्हे. अमिनो आम्लं, मेदाम्लं अशा इतर गोष्टीही तिथे बनतात. चूल विझली, पण त्या खोलीतली बाकी कामं चालूच आहेत.

2023 मध्ये पेशीच्या मुख्य जनुकसंचाचाही हिशोब आला. इतर वनस्पतींकडे सर्रास असणाऱ्या जनुकांपैकी सुमारे 28 टक्के बॅलॅनोफोराने गमावलीत. ईशान्य भारतातही सापडणारा सॅप्रिया, रॅफ्लेशियाचा भाऊबंद, त्याने 38 टक्के. या दोघांची घराणी वेगळी, तरी दोघांनीही अ‍ॅब्सिसिक आम्ल बनवायची जनुकं सोडून दिली. पाणी कमी पडलं की वनस्पती हे संप्रेरक बनवते. आता ऐका, बॅलॅनोफोराच्या फुलोऱ्यात ते संप्रेरक सापडतं, आणि त्याला प्रतिसाद द्यायची यंत्रणाही शाबूत आहे. म्हणजे बहुधा तहान लागल्याचा निरोपसुद्धा यजमानाकडूनच येतो.

म्हणून 'फुकट खातो' हे वर्णन मला पटत नाही. त्याने परतीची वाट तोडून टाकलीये. यजमान मेला की हा मेला.

फुलांबद्दल थोडक्यात. मादी फुलं वनस्पतीजगतातल्या सगळ्यात छोट्या फुलांपैकी, पाकळ्या वगैरे काही नाहीत. (आणि सुमारे मीटरभर रुंदीचं जगातलं सगळ्यात मोठं फूल, सुमात्रातला रॅफ्लेशिया आर्नोल्डी, तोही परजीवीच.) बी धुळीसारखं बारीक, आणि ते पोचायला हवं जमिनीखालच्या मुळापाशी. जपानच्या अमामी बेटांवर एक काळसर, दुर्मीळ ससा आहे. तो बॅलॅनोफोराचा मांसल भाग खातो, त्यासोबत बिया पोटात जातात आणि लेंड्यांतून जिवंत बाहेर पडतात. हे संशोधनही 2023 चं. ससा बिळं खणणारा प्राणी, त्यामुळे बिया मुळांजवळ पडत असतील असा माझा आपला अंदाज.

म्हणजे या एका वनस्पतीला झाड हवं, त्या झाडाला जंगल हवं, आणि वर बी नेणारंही कुणीतरी हवं. वाघासारखं पिंजऱ्यात ठेवून किंवा बियाणं शीतपेटीत ठेवून हिला वाचवणं फार अवघड. रॅफ्लेशियाचं बघा. 2023 च्या अभ्यासात त्याच्या 42 ज्ञात जाती तपासल्या, सगळ्याच धोक्यात. ते वाढतात त्या ज्ञात जागांपैकी किमान 67 टक्के जागा संरक्षित क्षेत्राबाहेर आहेत. बागेत वाढवायचं तर आधी परजीवी शिरलेली यजमान वेल आणून कलम करावं लागतं, तेही क्वचितच जमतं.

तर पावसाळा सरल्यावर कूर्ग, वायनाड, निलगिरीकडे ट्रेकला गेलात आणि पालापाचोळ्यात लाल बोंड दिसलं, तर उपटून बघू नका. उपटलं की कंद मुळापासून तुटतो आणि तो परत चिकटत नाही. फोटो काढा, एक जवळून, एक आजूबाजूची झाडं दिसतील असा, आणि आयनॅचरलिस्टवर टाका. आणि हो, आजूबाजूचा पाला तुडवू नका, अजून चार बोंडं खाली वर यायच्या तयारीत असतील.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.