मोत्यांचा गालिचा कोणत्या खात्यात?



माझं आयुष्य हिशेबतपासणीत गेलं. त्यामुळे मोती दिसले की ते किती टपोरे आहेत यापेक्षा कुठल्या खात्यात मांडलेत, हेच मी आधी बघतो. हा दोष मान्य करून बोलतो. खंडेराव महाराज गायकवाड, त्यांच्यामागून आलेले मल्हारराव, खंडेरावांच्या राणी जमनाबाईसाहेब, त्यांनी सयाजीरावांना दत्तक घेतलं ते १८७५ चं दत्तकविधान, हे सगळं बडोद्याच्या श्रोत्यांना मी काय सांगायचं? खंडेरावांनी लावलेलं कबुतरांचं लग्नही सोडून देतो. (हशा)

आपला मोत्यांचा गालिचा १८६५ च्या सुमाराचा, खंडेरावांनी करवून घेतलेला. लांबी पावणेनऊ फुटांच्या जवळपास, रुंदी पावणेसहा. रेशीम आणि हरणाचं कातडं यांच्यावर बसरा मोती. अंदाज १५ ते २० लाखांचा. वेलबुट्टी इराणी-मुघल वळणाची, रंग भरलेत ते काचेच्या मण्यांनी, मधोमध हिऱ्यांची तीन मोठी फुलं. शिवाय माणिक, पाचू, नीलम. ‘बसरा’ म्हणतो आपण, पण मोती आखाताच्या तळचा. बसरा ही त्याची पेठ. परंपरा सांगते की हा गालिचा मदिनेला, पैगंबरांच्या कबरीसाठी करवून घेतला होता. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि गालिचा इथंच राहिला.

आता माझं आवडतं तुणतुणं. हा गालिचा आपल्या हातून कधी गेला? सगळे म्हणतात, प्रतापसिंह महाराजांच्या दुसऱ्या राणी सीतादेवींनी नेला. मी म्हणतो, ज्या दिवशी तो मदिनेला गेला नाही, त्या दिवसापासून तो कुणाचा हे कुणी लिहूनच ठेवलं नाही, तिथेच तो गेला. आपल्या संस्थानात राजाच्या खासगी कारभारासाठी ‘खानगी’ हे स्वतंत्र खातं होतं, खानगी कारभारी होते. मग मोत्यांचा गालिचा खानगीतला, की राज्याचा? देवस्थानासाठी बोललेली वस्तू राजाची तरी उरते का? माझ्या मते हे तिसरंच खातं व्हायला हवं होतं.

पहिल्या रांगेत कपाळाला आठ्या दिसताहेत. सयाजीरावांना मी नावं ठेवत नाही. १९०२-०३ मध्ये दिल्ली दरबाराच्या वेळच्या प्रदर्शनात गालिचा त्यांच्याच काळात गेला, जगानं पाहिला, प्रदर्शनाचा संचालक जॉर्ज वॉटनं त्याचं वर्णन छापलं. पण ज्या माणसानं १९०६ मध्ये अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यानंसुद्धा राजाचं कुठलं नि राज्याचं कुठलं ही रेघ जवाहिरावर ओढली नाही, असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, रागावू नका.

ही रेघ नसली की काय होतं, ते १९४३ मध्ये दिसलं. सयाजीरावांचे नातू प्रतापसिंह महाराज मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतींना गेले आणि तिथे पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवी भेटल्या. त्या विवाहित, पती वुय्यूरचे जमीनदार. महाराजही विवाहित, शांतादेवी राणीसाहेब इथं, आठ मुलं. मग सल्लागार बसले. सीतादेवींनी इस्लाम स्वीकारला, पतीला तसं करायला सांगितलं, त्यांनी नकार दिल्यावर लग्न मोडलं. मग आर्यसमाजी पद्धतीनं पुन्हा हिंदू होऊन त्या महाराजांशी बोहल्यावर चढल्या. पंचाईत पुढेच होती. बडोद्यात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा लागू होता. इंग्रज सरकारनं विचारणा केली, तेव्हा महाराजांची भूमिका अशी की कायदा प्रजेला, राजाला नव्हे. (हशा) हसा, पण नीट ऐका. ज्याला स्वतःच्या राज्याचा कायदा लागू नाही, त्याला जामदारखान्याची वही कशी लागू होणार? त्या बाईंच्या डोक्यावर आपण सगळं खापर फोडतो; कुलूप उघडायची मुभा मात्र ज्यानं दिली, त्याचं नाव आपण हळूच घेतो.

(श्रोत्यांतून : नजरबागेबद्दल बोला.) बोलतो. जवाहीर नजरबाग राजवाड्यात असायचं. तो राजवाडाही आता उरला नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न एका वाक्यात संपला.

चिठ्ठी आली अध्यक्षांची. अरेरे, लग्नातच वेळ गेला, लग्नात जातोच. भराभर सांगतो. विलीनीकरणाच्या आधीच्या गडबडीच्या वर्षांत गालिचा सीतादेवींबरोबर मोनॅकोला पोचला. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात गेलं. राजांची खासगी मालमत्ता कोणती, याच्या याद्या तेव्हा व्हायच्या. म्हणजे रेघ ओढली गेली ती पाखरं उडाल्यावर. राज्याच्या खजिन्यातून महाराजांनी कर्जं उचलल्याचं उघड झालं, १९५१ मध्ये त्यांची गादी गेली, त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव आले. १९८५ मध्ये गालिचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दिसला. १९८९ मध्ये सीतादेवी वारल्या. मग जिनिव्हाची तिजोरी, आणि १९ मार्च २००९ ला दोह्यात सदबीजच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलर. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आखातातले मोती आखातात, असं म्हणून काहीजण सुस्कारा टाकतात. मी टाकत नाही. ठरलं होतं मदिना, दोहा नव्हे.

परत आणता येईल का, असा प्रश्न मागून आलाय. पुरावस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणणारा कायदा १९४७ चा, आजचा कायदा १९७२ चा. वस्तू त्याआधी गेली असेल आणि नेणाऱ्याला ती आपलीच वाटत असेल, तर दावा कुणी आणि कुणाच्या नावानं लावायचा? महाराजांचा वारस म्हणून? राज्याचा वारस म्हणून? की मदिनेच्या वतीनं? वकील मंडळी सभागृहात आहेत, त्यांनी खाली चहाजवळ मला गाठावं. अध्यक्ष उभे राहिलेत, मी बसतो.