आपला माळ ओसाड नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी दरवर्षी कोणी ना कोणी चार शब्द बोलते. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय मात्र घेतला आहे हवामान आणि त्याप्रमाणे घडणारे रान! ऐकून कोणाला हसू आले तर मी रागावणार नाही. पण हा विषय मला एका प्रश्नाने दिला. मुलांची भूगोलाची पुस्तके मी त्यानंतर चाळली.

मागे मार्गशीर्षात देवीच्या उत्सवाला कोकणातून नेहमीप्रमाणे मंडळी आली होती. आपली योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे, हे तुम्हांला सांगावयास नको. चिपळूणकडच्या एक काकू आमच्याकडे चहाला आल्या. गच्चीवरून त्यांनी चौफेर पाहिले आणि मला विचारले, "काय हो वहिनी, तुमच्याकडे डोंगर आहेत, पण त्यांवर झाडे कशी नाहीत? सगळी तोडलीत की काय?"

माझी मान खाली गेली. मी म्हटले, "हो, तोडलीच असतील." पाहुणीपुढे घरातला पसारा दिसावा तसे मला झाले.

त्याआधी एका पावसाळ्यात आपल्या मंडळानेच माळावर झाडे लावली होती, ती तुम्हांला आठवत असतील. साठ खड्डे खणले. गुलमोहर, बदाम, अशोक लावले. कोणी हौसेने फणसाची रोपेही आणली. घागरी वाहून वाहून आपले खांदे दुखले. पुढच्या वैशाखात पाहतो तो साऱ्या काड्या! हिरवा राहिला होता तो एक कडुनिंब आणि दोन बोरी. ती झाडे तर आपण लावलेलीही नव्हती. पाखरांनी बिया टाकून उगवलेली. त्या वेळी आपण एकमेकींना दोष दिला. कोणाचा वार चुकला, कोणी पाणी कमी घातले, यावरून दोघीतिघींचा अबोलाही झाला. तो अबोला आज या भाषणाने मिटावा अशी माझी इच्छा आहे. कारण दोष पाणी घालणारीचा नव्हता. त्या जागेला काय मानवते, हे आपण तिला विचारलेच नव्हते.

आता मला जे समजले ते सांगते.

आपला पाऊस येतो अरबी समुद्रावरून. पाण्याने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर हवा थंड. थंड हवेत वाफ मावत नाही, म्हणून पाऊस कोसळतो. घाट ओलांडून वारा पूर्वेला उतरू लागला की पुन्हा तापतो, आणि तापलेली हवा पाणी सहजी सोडत नाही. म्हणून घाटाच्या पलीकडे महापूर आणि अलीकडे आभाळाकडे डोळे. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. महाबळेश्वरास वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणी तेथून हाकेच्या अंतरावर, पण तेथे साधारण तिसरा हिस्सा. आणि घाट उतरून वाईला आले की तो आठव्या हिश्शाच्या आसपास उरतो. एसटीने तासाभराचा हा रस्ता, आणि खिडकीबाहेर गर्द रानापासून बाभळीपर्यंत सारे पालटलेले.

काकूंच्या रत्नागिरी जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्या बीड जिल्ह्यात सरासरी ६५० ते ७००. तोही चार महिन्यांत, मधे खंड घेत घेत. उरलेले आठ महिने जमिनीने साठवलेल्या ओलीवर काढावयाचे. ज्या घरात महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यात मिळतो आणि पुढे काहीच येत नाही, त्या घरातल्या बाईसारखे येथल्या झाडाला वागावे लागते.

आणि गंमत पहा. कोकणचा खडक आणि आपला खडक बहुतेक एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वाहिला, त्याचा थिजून झालेला हा काळा पाषाण. पण कोकणात मुसळधार पावसाने त्यातला चुना वगैरे सारे धुऊन नेले आणि लोखंड मागे राहिले. त्याचा झाला तांबडा जांभा. आपल्याकडे पाऊस बेताचा, म्हणून चुना जमिनीतच राहिला आणि खोलगट जागी काळी माती जमली. ती ओल धरून ठेवते, म्हणूनच पाऊस संपल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर पिकते. तिकडे भात, इकडे भाकरी. तिकडे उतरत्या छपराची कौलारू घरे, इकडे आपल्या जुन्या वाड्यांची मातीची माळवदे. कोकणात माळवद बांधले तर पहिल्या पावसाळ्यात खाली येईल. एकाच पाषाणावर दोन तऱ्हेचे संसार उभे राहिले, आणि त्यांत फरक केला तो पावसाने.

जे घराचे तेच रानाचे. पृथ्वीवर कोठेही जा, ऊन किती आणि पाणी किती, यावर तेथे काय उगवेल हे बव्हंशी ठरते. विषुववृत्ताजवळ बारमाही पाऊस, तेथे सदाहरित अरण्ये. पाणी कमी होत गेले की पानगळीची राने, मग काटेरी झुडपे आणि गवताचे माळ, शेवटी वाळवंट. ध्रुवाकडे थंडीच इतकी की झाड उभेच राहत नाही. नुसते शेवाळ आणि खुरटी झुडपे. अशा एकेका मोठ्या प्रदेशाला, त्यातल्या साऱ्या जीवांसकट, शास्त्रात जीवसंहती म्हणतात. प्राणीही त्या त्या हवेचेच. सहाराच्या वाळवंटातल्या कोल्ह्याचे कान सुपाएवढे वाटावे असे मोठे, कारण कानांवाटे अंगातली उष्णता बाहेर पडते. ध्रुवाकडच्या कोल्ह्याचे कान इवलेसे, कारण त्याला ऊब राखावयाची असते.

पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या माळावरच पाहू या.

पळस घ्या. झाडाचे पाणी मुख्यत्वे पानांवाटे उडून जाते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी तो पाने टाकून देतो आणि शिमग्याला बोडक्या फांद्यांवर केशरी फुले मिरवतो. आपण म्हणतो झाड वाळले. ते वाळलेले नसते, काटकसरीला लागलेले असते. बाभळीने पान इतके बारीक चिरून घेतले आहे की ऊन फार लागत नाही, आणि गुरांनी ओरबाडू नये म्हणून काटे. निवडुंगाने तर पानांचा हट्टच सोडला आणि खोडातच पाणी साठवले.

निवडुंगावरून आठवले. बांधावर तिधारी निवडुंग असतो, तो मोडला की पांढरा चीक येतो. दुसरा फड्या निवडुंग. त्याला असा चीक नाही. पहिला आपल्याकडचा. दुसरा अमेरिका खंडातून आलेला, आणि दोघांचे कूळ निराळे. तरी दोघेही मांसल, हिरव्या खोडाचे आणि काटेरी. हजारो कोस दूर राहून दोघांनी कोरड्या हवेशी झगडताना एकच युक्ती काढली. निरनिराळ्या माहेरच्या सुना टंचाईच्या घरात राहून सारख्याच हाताने पीठ मळू लागतात, तसे हे आहे.

आता कुसळ. माळावरून आले की लुगड्याच्या काठात अडकते आणि आपण तिला चार शिव्या देतो. पण तिची करामत पहा. बीच्या मागे लांब शेपूट असते आणि ते पीळ घातलेले असते. पावसाने भिजले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत बीचे टोकदार तोंड मातीत शिरते. नांगर नाही, माणूस नाही. गवत स्वतःच पेरणी करते. आणि मृग लागला, पहिला पाऊस पडला की ते मखमली लाल मृगाचे किडे बाहेर येतात. बाकीचे दिवस ते जमिनीच्या पोटात दडून असतात. पावसाची वाट पाहणारे आपणच तेवढे नाही.

गुरांतही तेच. इगतपुरी-अकोल्याकडची डांगी गाय घाटाच्या धो धो पावसात टिकते, कारण तिच्या कातडीला तेलकटपणा असतो आणि पाणी अंगावरून ओघळून जाते. आपल्या भागातली देवणी आणि लाल कंधारी ऊन सोसतात आणि कडब्यावर दिवस काढतात. उस्मानाबादी शेळी काटेरी झुडपावर जगून पुष्कळदा जुळी देते. डोंगरावरचे सीताफळही तसेच. ते मूळचे अमेरिका खंडाकडचे, पण येथली खडकाळ जमीन आणि कोरडी हवा त्याला मानवली. त्याची पाने शेळ्या खात नाहीत, म्हणून ते राखणीवाचून वाढते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या गोडीवर या जमिनीचे नाव लागले. ओल्या कोकणात ही गोडी येत नाही, जसा आपल्याकडे त्यांचा हापूस येत नाही. यात कोणी लहान नाही, कोणी मोठे नाही.

मग आपला माळ म्हणजे मोडलेले अरण्य काय? मलाही तसेच वाटत होते. पण २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, कथा, ओव्या शोधल्या आणि त्यांत कोणकोणत्या रानझाडांची नावे येतात ते पाहिले. त्यावरून त्यांनी दाखवले की पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातील गवताळ, काटेरी झाडांची माळराने निदान साडेसातशे वर्षांची आहेत. ती काल-परवा जंगल तोडून झालेली नव्हेत. आपल्या बालाघाटावरही हवा तशीच कोरडी आहे. डोंगरउतारावर आणि मुकुंदराजांच्या समाधीकडल्या दरीसारख्या ओलाव्याच्या जागी झाडी जास्त असणार, आणि सरपणासाठी माणसाने पुष्कळ तोडलीही; ते पाप मी झाकत नाही. पण उघड्या माळावर गवत असणे हा त्याचा जन्मस्वभाव आहे.

हे न ओळखल्याने काय होते ते माळढोकाला विचारा. हा मोठा पक्षी उघड्या गवतात, जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले. पण माळ पडीक म्हणून नांगरले गेले, कोठे त्यावर दाट झाडे लावली गेली, विजेच्या तारा आल्या. आज आपल्या राज्यात माळढोक दिसेनासाच झाला आहे. आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ पासून मोरांचे अभयारण्य आहे. तेथील कोरडे, झुडपी रान राखले म्हणून मोर राहिले. त्याच रानाला कोणी ओसाड म्हणून मोडले असते तर?

भगिनींनो, हवा आता पूर्वीसारखी राहिली नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या सासूबाईंनी पाहिला. खडी फोडून मुले जगवली. २०१६ साली धनेगावच्या मांजरा धरणाने तळ दाखवला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात इतका पाऊस झाला की उभी पिके मातीसकट वाहून गेली. अशा वेळी दुष्काळ सोसणारे झाड आणि माती धरून ठेवणारे गवत, हीच आपली शिल्लक आहे. गवताच्या मुळ्यांनी पावसाचे पाणी अडते, जिरते; तेच आपल्या आडाला आणि बोअरला येते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. यंदाही झाडे लावू, पण वीसच लावू, आणि ती कडुनिंब, बोर, बाभूळ, पळस, आपटा, सीताफळ अशी लावू. ओढ्याकाठी, ओलीच्या जागी चिंच, उंबर, जांभूळ लावू. उघड्या माळावर गवताला हात लावू नये; ते पेटवू नये, पेटवू देऊ नये. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना कुसळ, पळस, मृगाचा किडा दाखवून सांगावे, हे आपले.

पुढच्या मार्गशीर्षात काकू पुन्हा येणार आहेत. त्यांना मी आता मान वर करून माळावर नेणार आहे. सांगणार आहे, "काकू, तुमच्याकडे पावसाने रान मांडले, आमच्याकडे पावसाच्या ओढीने मांडले. जरा वाकून पाहा, म्हणजे दिसेल."

माझे बोलणे लांबले. चूकभूल पदरात घ्यावी. आणि त्या साठ खड्ड्यांवरून ज्यांचा अबोला झाला, त्यांनी आजच्या फराळाला शेजारी शेजारी बसावे, एवढे मागून मी माझे चार शब्द पुरे करते.

योगेश्वरीमाता सर्वांचे कल्याण करो.