चांदे गावी आपले स्वागत



परक्या मुलखातून आलेल्या किडींचा माग जनुकांवरून काढणारी मंडळी आज मुळशी तालुक्यातल्या आमच्या चांद्यात जमली आहेत. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

हिंजवडीचे उंच मनोरे इथून जवळ आहेत, तरी चांदे-नांदे म्हटले की जुन्या माणसांना आठवतात ती भातखाचरेच. दुपारच्या पंगतीत आपल्याला इंद्रायणीचा भात वाढू. आंबेमोहराच्या वंशातला हा वाण शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिला. वंशावळीचे शास्त्र आमच्या ताटापर्यंत असे केव्हाच पोचले आहे.

मुळशीत येऊन मुळशी सत्याग्रह न ऐकता कोणी परत जाऊ नये. वीजनिर्मितीच्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. लढा १९२४ पर्यंत चालला. सेनापती बापटांचे नाव सर्वतोमुखी आहे. पण लोकांना उभे करणाऱ्या विनायकराव भुस्कुटे यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. त्यांनी लढा दिला आणि १९६८ साली ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक लिहून त्याचा इतिहासही जपला. आपल्यावर आलेले संकट कोठून आणि कोणत्या वाटेने आले, हे नोंदवून ठेवणारा माणूस गावाचा मोठा उपकारकर्ता असतो. विनायकरावांना वंदन करूनच मी या परिषदेकडे वळतो, कारण आपणही तेच काम करता.

टोमॅटोवरची टुटा नागअळी ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या पुण्यातच आढळली. पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर ती खाते, पानावर पांढुरके चट्टे पडतात आणि देठाजवळ सुईने टोचावे तसे छिद्र पाडून फळात शिरते. वरून धडधाकट दिसणारा टोमॅटो कापल्यावर आत सडलेला निघतो. ही कीड दक्षिण अमेरिकेची. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये सापडली आणि भूमध्य समुद्राभोवती पसरली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात डीएनएच्या खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा तिकडची सारी पैदास मध्य चिलीतून एकदाच आलेल्या किड्यांची निघाली. एकदाच! विमानतळ-बंदरावरची तपासणी किती मोलाची, हे यावरून कळते.

मूळ सापडले की उपायही सापडतो. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. २००८ मध्ये तो कोइमतूरला दिसला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागाही त्याने पांढऱ्या केल्या. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याचा नैसर्गिक शत्रू, एक बारीक परोपजीवी कीटक, आणून सोडला आणि बागा सावरल्या. फवाऱ्यांचा खर्च वाचला, तो शेतकऱ्याच्या घरात राहिला.

आता व्यवस्थेविषयी. गाव लहान, त्यामुळे निवासाची सोय दोन-तीन ठिकाणी विभागावी लागली. वाहनतळापासून थोडे चालावे लागेल. वीज गेली तर जनित्र तयार आहे, तरी काही उणे राहिल्यास गोड मानून घ्यावे. मंडपाचा खर्च उचलणारे व्यापारी बंधू, तांदूळ देणारी शेतकरी घराणी, स्वयंपाक सांभाळणाऱ्या बचत गटाच्या ताई, पहाटेपासून राबणारी तरुण मंडळाची मुले, ग्रामपंचायत, शाळेचे शिक्षक आणि नाव जाहीर करू नका असे बजावणारे देणगीदार, या सर्वांचा मी ऋणी आहे.

शास्त्रज्ञहो, एकच मागणे. इथे जे ठरेल ते सोप्या मराठीत लिहून गावोगावच्या कृषी सहायकांपर्यंत पोचवा. नवी कीड पहिल्यांदा शेतकऱ्यालाच दिसते आणि ती कोणाला दाखवायची हे त्याला ठाऊक हवे. परिषद यशस्वी होवो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!