जगाचा इतिहास आपल्याला कशाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लग्न झाले, संसार आला आणि पाटी-दप्तर माळ्यावर गेले. तरीसुद्धा मी आज जगाच्या इतिहासावर बोलणार आहे. याला कारणही तसेच आहे. यंदा पापड-लोणच्यांच्या विक्रीतून मंडळाकडे थोडी शिल्लक उरली आहे. तिचे काय करायचे हे आज सभेत ठरायचे आहे. खुर्च्या घ्याव्यात, अशी एक सूचना आली आहे. माझी सूचना निराळी आहे. जगाचा एक मोठा नकाशा घ्यावा, थोडी पुस्तके घ्यावीत आणि महिन्यातून एक तास इतिहासाचा वाचनवर्ग चालवावा.

ही सूचना ऐकून एक भगिनी म्हणाल्या, "नकाशा पाहून काही भाकरी थापता येत नाही." खरे आहे. पण भाकरीबरोबर तोंडी लावायला आपण जी मिरची घेतो, ती कुठून आली हे नकाशाच सांगतो.

आपले उपासाचे ताट डोळ्यांपुढे आणा. साबुदाण्याची खिचडी, तीत बटाटा, दाण्याचे कूट, हिरवी मिरची. शेजारी रताळ्याचा कीस. यातले एकही मूळचे आपल्याकडचे नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा, भुईमूग, मिरची, रताळे, सारे अमेरिका खंडातले. 1492 साली कोलंबस तिकडे पोचला, 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला, आणि त्यानंतर ही पिके हळूहळू इकडे आली. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही पोर्तुगीजांचेच. वरीचे तांदूळ तेवढे जुने इकडचे! म्हणजे सोवळ्यात रांधलेल्या पानातसुद्धा जगाचा इतिहास वाढलेला असतो.

माझ्या थोरल्या मुलीने कॉलेजात इतिहास विषय घेतला, तेव्हा नात्यातल्या पुष्कळांनी नाके मुरडली. "मेलेल्या राजांच्या सनावळ्या घोकून नोकरी लागणार का?" असे विचारले. मुलीचा चेहरा उतरला. तिला काय सांगावे, हे मला तेव्हा सुचेना. मग दुपारची कामे आटोपली की मी तिचीच पुस्तके उघडून बसू लागले. त्यातली एक हकीकत मी आज सांगते. ती ऐकून हा विषय फुकटचा आहे की काय, ते तुम्हीच ठरवा.

सुपे गाव आपल्याला ठाऊक आहे. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोखे व चोपड्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरले. शेतकरी एवढा का पेटला? सावकाराचे व्याज जबर होते, सरकारने शेतसारा वाढविला होता, हे तर आहेच. पण त्या आगीची एक ठिणगी हजारो कोस दूर, अमेरिकेत पडली होती.

इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो वेचीत कोण? तिथले गुलाम. 1860 साली अमेरिकेत जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलामीत होती. 1861 साली तिथे उत्तरेचे आणि दक्षिणेचे युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि कापूस अडकला. मग इंग्रज व्यापारी आपल्याकडे वळले. इथे कापसाला कधी न मिळालेला भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरांचे वेड लागले. सावकार शेतकऱ्याच्या दारी जाऊन कर्ज देऊ लागला. 1865 साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. खेड्यात तेजी गेली, पण कर्ज मात्र राहिले. आधी हात सैल सोडणाऱ्या सावकाराने आता मूठ आवळली. पुढे दहा वर्षांनी सुप्याच्या बाजारात जे घडले, त्याच्या मागे हेही एक कारण होते. त्यानंतर 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

आता मला सांगा, हा इतिहास अमेरिकेचा की आपला? नुसता गावचा इतिहास वाचला, तर सावकार तेवढा दुष्ट दिसतो. जगाचा वाचला की कळते, शेतकरी, सावकार आणि तो दूरचा गुलाम, सारे एकाच धाग्यात ओवलेले होते. आजही परदेशात लढाई पेटली की आपल्या तेलाच्या डब्याचा भाव वाढतो. तो का वाढतो, हे गृहिणीला कळायला नको का?

हा धागा आपल्यातल्या एका थोर पुरुषाने तेव्हाच ओळखला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी दूरदेशीच्या दास्याकडे पाहिले, म्हणून त्यांना आपल्या दारातले दास्य अधिक स्पष्ट दिसले.

त्याच फुले दांपत्याने 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेतल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रिया आपल्या हक्कांसाठी सभा भरवून बसल्या होत्या. सावित्रीबाईंना त्या ठाऊक नसतील आणि त्यांना सावित्रीबाई. तरी त्या आपल्याला एकमेकींच्या बहिणी वाटतात. आणखी एक सांगते. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना 1893 साली मताचा अधिकार मिळाला, अमेरिकेत 1920 साली तो देशाच्या घटनेत लिहिला गेला आणि स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात राष्ट्रीय निवडणुकीसाठी तो मिळायला 1971 साल उजाडले! आमच्या आज्यांनी तर 1951-52 च्या पहिल्याच निवडणुकीत मत दिले. आपल्याला काय मिळाले आहे, याची किंमत शेजारच्यांचे पाहिल्यावरच कळते.

पंडित नेहरूंनी तुरुंगात असताना, 1930 ते 1933 या काळात, आपल्या मुलीला पत्रे लिहून जगाचा इतिहास शिकविला. आपल्याला पंडितजींची विद्वत्ता नाही. पण मुलांशेजारी बसून त्यांचा धडा ऐकायला विद्वत्ता लागत नाही. मूल सन पाठ करू लागले, की त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे का घडले? त्याच वेळी दुसरीकडे काय चालले होते? आणि याची झळ कुणाला लागली? एवढे केले तरी घोकंपट्टी सुटेल.

वाचनवर्गाला खर्चही फार नाही. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आपल्याच भाषेत आहे आणि तो आता संगणकावर, मोबाईलवर फुकट वाचता येतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना दुसरीने वाचून दाखवावे. शिवाय इतिहासात चांगले गुण मिळविणाऱ्या गावातल्या एका मुलीला दरवर्षी मंडळाने एक पुस्तक बक्षीस द्यावे. सगळेच तिला "उपयोग काय?" विचारीत असताना, आपल्या मावश्या-काकूंनी पाठीवर हात ठेवला, हे तिला जन्मभर पुरेल.

खुर्च्या हव्यात, हे मलाही पटते. गुडघे दुखणाऱ्या बायकांत मीही आहे. पण पुढच्या वर्षीच्या पापडांतून खुर्च्या येतील. यंदा दहावीत असलेली मुलगी विषय निवडण्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नाही. म्हणून भगिनींनो, सूचना मताला येईल तेव्हा विचार करून हात वर करा, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.