किटल्या भरलेल्या दिसत नाहीत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कलाक्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. वाटचालीत ऐकण्यासारखं फारसं काही नाही. पुस्तकांसाठी चित्रं काढायची, संपादकांना दाखवायची, दुरुस्त करून पुन्हा दाखवायची, यातच ३० वर्षं गेली. म्हणून दुरुस्तीबद्दलच बोलते, आणि तेही एकाच चित्राबद्दल. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आपल्या एका वर्गमित्राने (नाव घ्यायचं नाही अशी त्याची अट आहे, पण तुम्ही ओळखलं असेलच) निवृत्तीनंतर टॅबवर चित्रं काढायला सुरुवात केली. गेल्या दिवाळीत त्याने ग्रुपवर एक चित्र टाकलं. त्याचे वडील सायकलवरून शाळेजवळचा चढ चढताहेत, मागे कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या, पुढे दांडीवर दप्तर घेतलेला मुलगा. तो मुलगा म्हणजे हाच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. सायकलवरचा त्यांचा एकही फोटो घरात नाही. म्हणजे आता फोटोही हाच.

ग्रुपवर काय झालं ते आठवतं ना? अंगठे, फुलं, ‘अप्रतिम’, ‘कडक’. एकाने ‘पंक्चर आहे का रे?’ असं विचारलं, तर बाकीच्यांनी त्याला झापलं. मित्राने चित्र आईंना दाखवलं. त्या आता ८५ वर्षांच्या आहेत. चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘ह्यांची सायकल अशी कधी पळाली? किटल्या रिकाम्या आहेत काय?’’

रात्री त्याचा मला फोन. ‘‘काय चुकलंय सांग. छान आहे म्हणालीस तर फोन ठेवतो.’’

कौतुक करणाऱ्यांचा काही दोष नव्हता, प्रेमानेच लिहिलं होतं सगळ्यांनी. पण त्यातून पुढची रेघ कुठे मारायची हे त्याला कळत नव्हतं. पंक्चरच्या टोमण्यातूनही कळत नव्हतं. आईंनी मात्र त्यांना काय दिसलं आणि चित्रात नेमकं कुठे दिसलं, दोन्ही सांगितलं. मी जे पुढे केलं ते त्यांच्या वाक्याचं चित्रकाराच्या भाषेत भाषांतर.

सायकल ही मुळातच फसवी वस्तू. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राला सायकल काढायची वेळ आली, की आपल्यातले हुशार लोक ती झाडामागे उभी करायचे! जानलुका जिमिनी नावाच्या डिझायनरने २००९ पासून शेकडो लोकांना आठवणीतून सायकल काढायला सांगितलं. त्या रेखाटनांवरून त्याने संगणकावर अगदी खऱ्या वाटणाऱ्या सायकली तयार केल्या. कितीतरी सायकली चालवायला घेतल्या तर जागीच मोडतील अशा. रोज पाहतो, पण दांड्या कुठून कुठे जातात ते आपण पाहिलेलंच नसतं.

मित्राला मी आधी विचारलं, ‘‘तुला यात काय दाखवायचंय, वेग की ओझं?’’ तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘‘ओझं. चढावर त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागायचा.’’ हे कळल्यावर निम्मं काम झालं. कारण त्याने टॅबमधली ब्लरची सोय वापरून सगळं चित्र पळतं केलं होतं. वेग हवा असता तरी ते चाललं नसतं. सायकल चालत असताना चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो आणि वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. म्हणून फोटोत खालच्या तारा स्पष्ट येतात आणि वरच्या पुसट. याची दोन्ही चाकं सगळीकडून सारखीच पुसट, म्हणजे टेबलफॅन!

शिवाय सायकल समोरून तिरकी येतेय आणि चाकं मात्र पूर्ण गोल. तिरकं पाहिलं की चाक लंबवर्तुळ दिसतं आणि त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या रेषेत येतो. एवढं एक सांभाळलं की सायकल रस्त्यावर टेकते. एक पाय काढून त्याचीच नक्कल पलीकडे चिकटवल्याने दोन्ही पॅडल एकदम खाली आली होती.

पण खरी गोष्ट वजनाची. किटल्या भरलेल्या असल्या की मागचा टायर जमिनीपाशी दबतो. मागच्या वजनाने पुढचं चाक हलकं होतं, म्हणून चढावर माणूस हँडलवर झुकतो. आणि दांडीवर पोरगं बसलेलं असेल, तर गुडघे बाहेर फेकूनच पॅडल मारावं लागतं. डबलसीट आलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. त्याच्या चित्रात वडील ताठ बसलेले होते, गुडघे आत. रिकाम्या सायकलवरून फिरायला निघाल्यासारखे.

हे सगळं मी त्याच्या चित्रावर वेगळा लेयर घेऊन लाल रेघांनी दाखवलं. लेयर बंद केला की त्याचं चित्र जसंच्या तसं. आपल्या वेळी सर आपलीच पेन्सिल घेऊन कागदावर दुरुस्ती करायचे. त्याने चित्र सुधारायचं, पण थोडं सरांचं व्हायचं. (सर समोर बसलेत, हसताहेत.) आणखी एक सांगितलं, की चित्र टॅबवर डावं-उजवं उलटून पाहा, सवयीने न दिसणारा तोल दिसतो. चित्र आरशात पाहायला लिओनार्दोनेही सांगून ठेवलं आहे.

माझी एक सूचना त्याने साफ नाकारली. मुलाचं तोंड पुढे रस्त्याकडे वळव, म्हणजे नजर चढाच्या माथ्याकडे जाईल, असं मी म्हटलं होतं. तो म्हणाला, ‘‘मी मागे वळून त्यांच्याकडेच बघायचो.’’ त्यावर मी काय बोलणार? मुलगा मागेच बघतोय.

महिन्याभराने दुसरा खर्डा आईंना दाखवला. ‘‘हां, आता दूध आहे,’’ म्हणाल्या. आणि लगेच, ‘‘पण टोपी नव्हते घालत. मुंडासं असायचं.’’ तो आता मुंडासं काढतोय. तेही घामाने भिजलेलं हवंय त्याला.

चित्र सभागृहाच्या मागच्या भिंतीवर लावलंय. आपल्या स्मरणिकेत ते छापायचंय, छपाईला अजून पंधरा दिवस आहेत. शेजारी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्यात. त्यांना सायकलवर पाहिलेले निदान वीसजण आज इथे आहेत. हँडलला पिशवी असायची का, दिवा होता का, कोणता पाय आधी टेकवायचे, जे आठवेल ते लिहा. ‘छान’ लिहायला जागा ठेवलेली नाही.